देवळाच्या जुन्या बुकांतून कुळाचा शोध

ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तिकेसाठीं आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासावर कांहीं लिहावें, असा चालकांनीं आम्हांस आग्रह केला. देवळाच्या इमारतीचा, घंटेचा व वेदीचा वृत्तान्त इतर लेखकांनीं दिलाच आहे. तेव्हां बहुतेक लोकांनीं जें केवळ दाखला काढतेवेळींच उघडलेलें पाहिलें असेल, त्या कचेरींतील कपाटाकडे आम्ही वाचकांस नेऊं इच्छितों. बाप्तिस्म्याचीं, लग्नांचीं व मयतांचीं बुकें त्यांत आहेत. अलीकडे या बुकांची विचारपूस वाढली आहे. कोणी मुंबईहून येतो, कोणी कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाहून पत्र धाडतो. सर्वांचा प्रश्न बहुधा एकच, कीं आमचें मूळ घराणें कोणतें व तें किती मोठें होतें? यांपैकीं पहिल्या अर्ध्या प्रश्नाचें उत्तर बुकें पुष्कळ अंशीं देतात. दुसऱ्या अर्ध्याविषयीं तीं मौन धरितात. आणि तें कां, हें समजल्यावांचून त्यांचें वाचन कोणास साधणार नाहीं.

हीं बुकें घराण्याची कीर्ति टिकविण्याकरितां सुरू झालेलीं नाहींत. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें ता. ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं विवाहाविषयीं जे ठराव केले, त्यांत धर्मग्रामाच्या पाद्रीनें वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ हीं एका बुकांत लिहून तें बुक आपल्यापाशीं जपून ठेवावें, अशी आज्ञा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता व धर्ममाता कोण झालीं, तेंही लिहावें असें त्याच ठरावांत सांगितलें आहे. हेतु असा, कीं चोरून लावलेलीं लग्नें बंद व्हावीं, एक बायको जिवंत असतां दुसऱ्या गांवीं जाऊन दुसरी करणारास आळा बसावा, आणि ज्यांचें नातें लग्नास आड येतें त्यांचीं लग्नें अजाणतां लागूं नयेत. पुढें १६१४ सालीं पोप पांचवे पौल यांनीं प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथांत पांच बुकांचे नमुने घालून दिले : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मयत, आणि पांचवें 'आत्म्यांची स्थिति' या नांवाचें, ज्यांत घरोघरच्या माणसांची यादी करावयाची. हें पांचवें बुक जेथें टिकलें असेल तेथें शोधकानें आपलें नशीब उघडलें असें समजावें. इतर बुकांत माणूस एकटा भेटतो. यांत आजीपासून पाळण्यांतल्या लेंकरापर्यंत सारें घर एका पानावर बसलेलें सांपडतें.

आपल्या वसई प्रांतांत पोर्तुगीज अंमल १५३४ सालच्या तहानें आला, म्हणजे त्रेंतच्या या ठरावापूर्वीं एकोणतीस वर्षें. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचेंच उदाहरण घ्या. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें ते क्रुसावर हुतात्मे झाले, आणि ता. ८ जून १८६२ रोजीं त्यांस संतपद मिळालें. हे दोन्ही दिवस आपण बिनचूक सांगतों; परंतु त्यांचें जन्मसाल मात्र १५५६ किंवा १५५७ च्या सुमाराचें, इतकेंच म्हणून थांबावें लागतें. त्यांच्या जन्मकाळीं बाप्तिस्म्याचें बुक ठेवण्याचा सर्व जगास लागू असा नियम झालेलाच नव्हता. जेथें संताची ही गत, तेथें तुमच्याआमच्या पूर्वजांची काय कथा! शिवाय १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. त्यानंतर किल्ल्यांतील मठ ओस पडले, आणि गांवोगांवच्या ख्रिस्ती कळपाची काळजी देशी धर्मगुरूंच्या खांद्यांवर आली. त्या धामधुमींत कागदांची काय दशा झाली असेल, तें निराळें सांगावयास नको. तेव्हां १७३९ पूर्वींचें एखादें पान हातीं लागलें तर ती देवाची देणगी समजावी, पण तिच्या आशेवर बसूं नये.

आतां आडनांवांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण सर्वांत अधिक गैरसमज तेथेंच आहे. डिसोजा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, घोन्साल्विस हीं आडनांवें उच्चारितांना आपल्या अंगांत पोर्तुगीज सरदाराचें रक्त खेळत आहे, असें मनांतल्या मनांत मानणारे लोक अजून भेटतात. वस्तुस्थिति अशी, कीं बाप्तिस्मा घेणारास धर्मपित्याचें किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचें आडनांव मिळण्याची चाल होती. त्यामुळें ज्यांचा परस्परांशीं कसलाही रक्तसंबंध नाहीं अशा दोन घरांस एकच आडनांव मिळे. आणि निरनिराळे धर्मपिते लाभल्यास सख्ख्या भावांचीं आडनांवें निराळीं होण्यासही हरकत नव्हती. परेरा दुसऱ्या परेराचा भाऊबंद असेलच, असें धरून चालणारा शोधक पहिल्याच पायरीवर घसरतो. पोर्तुगीज आडनांव हें रक्ताची खूण नसून, कोणी एका माणसानें वेदीपाशीं आपल्या पूर्वजाचा हात धरला होता याची खूण आहे. आमच्या मतें ती कांहीं कमी मोलाची नव्हे.

याच्या उलट पाटील, राऊत, म्हात्रे, वर्तक, नाईक अशीं जुनीं कुळनांवें पुष्कळ घरांनीं तोंडीं जपलीं, आणि कित्येकांनीं तीं कागदावरही परत आणिलीं आहेत. जुन्या नोंदींत तर पुष्कळदां आडनांवच नसतें. अमक्याचा मुलगा तमका, अमक्या आळींत राहणारा, एवढ्यावरच पाद्रीमहाशयांनीं लेखणी थांबविलेली असते. ती आळी हीच शोधकाची खरी खूण होय. माणसाचें नांव भाषेप्रमाणें बदलतें, आडनांव धर्मपित्याप्रमाणें बदलतें; आळी सहसा बदलत नाहीं.

येथेंच आणखी एक गोष्ट सांगून टाकूं, म्हणजे पत्रें लिहिणारांचे श्रम वांचतील. पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठीं आपल्या बुकांतील उतारा उपयोगीं पडेल काय, असें कोणी कोणी विचारितात. तो हक्क गोवा, दमण व दीव येथें १९६१ पूर्वीं, म्हणजे तेथील पोर्तुगीज राज्य संपण्यापूर्वीं, जन्मलेल्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या संबंधाचा आहे. वसई त्या राज्यांतून १७३९ सालींच निघाली. येथील कोणतेंही बुक कितीही उलटलें तरी त्यांतून पासपोर्ट निघणार नाहीं.

धर्मपित्याच्या या नात्याचें महत्त्व आपल्या प्रांतांत किती खोल रुजलें, याची साक्ष एक शब्द देतो. सामवेदी बंधु स्वतःस 'कुपारी' म्हणवितात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे' यावरून आला असें मानितात; आणि कोंपाद्रे म्हणजे मुलाचा बाप व त्याच मुलाचा धर्मपिता यांनीं एकमेकांस मारावयाची हांक. ही व्युत्पत्ति खरी धरली, तर एका सबंध समाजाचें नांव देवळाच्या बुकांतील एका रकान्यावरून पडलें असें म्हणावें लागेल. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद उतरून घेतांना केवळ आईबापांचीं नांवें घेऊन धर्मपिता-धर्ममाता गाळणें हें मोठें अज्ञान होय. तीं बहुधा काका, मामा, आत्या, मावशी किंवा आजा-आजीच असतात. आणि एकाच बापाच्या पांच मुलांचे धर्मपिते ओळीनें मांडिले, तर अर्धें गणगोत आपोआप गोळा होतें.

शोध कसा करावा, याविषयीं शुभवर्तमानांतच दोन रीति दिसतात. संत मत्तय अब्राहामापासून आरंभ करून खालीं येतो. संत लूक आपल्या प्रभूपासून निघून पायरीपायरीनें वर आदामापर्यंत जातो. आमच्यासारख्यांनीं संत लूकाची रीत धरावी. कोणी एक थोर पूर्वज आधीं ठरवून त्याच्यापासून आपल्यापर्यंत वाट काढूं पाहणारा मनुष्य हवी ती वाट काढतोच. संत पौलानें तिमथीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत अंत नसलेल्या वंशावळींच्या नादीं लागूं नये असा इशारा दिला आहे, तो याच जातीच्या शोधकांस लागू पडावा.

आरंभ घरापासून करावा. आजोबांच्या प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्मदिवस टिपलेले असतात. थडग्याच्या दगडावर, जुन्या दस्तऐवजावर, सातबाराच्या उताऱ्यावर नांवें असतात. घरांतील म्हाताऱ्या आत्याबाईस सर्वांआधीं विचारावें; बुकें आणखी दहा वर्षें वाट पाहतील. मग लग्नाच्या बुकाकडे वळावें. लग्नाच्या पूर्ण नोंदींत वधू व वर या दोघांच्या आईबापांचीं नांवें व गांव असतें; म्हणजे एका नोंदींतून वरच्या पिढीचीं चार माणसें मिळतात आणि दोन बाप्तिस्म्यांचा पत्ता लागतो. तेथून बाप्तिस्म्याचें बुक, तेथून आईबापांचें लग्न, अशा पायऱ्या चढत जावें. १९०८ च्या ईस्टरनंतरच्या काळासाठीं आणखी एक सोय आहे. 'ने तेमेरे' या आज्ञापत्रानें लग्नाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या बुकांतही करण्याचा नियम घातला. त्यामुळें बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारच्या समासांत, ती मुलगी पुढें कोणत्या देवळांत व कोणाशीं लग्न लावून गेली, तें बारीक अक्षरांत लिहिलेलें आढळतें. मयताच्या बुकांतील वयावर मात्र फार भिस्त ठेवूं नये. पन्नाशीपुढच्या माणसांचीं वयें साठ, सत्तर, ऐंशी अशीं गोलच भेटतात.

नांवांच्या बाबतींत डोळ्यांत तेल घालून बसावें लागतें. पोर्तुगीज नोंदींतला जुवांव लॅटिन नोंदींत योहान्नेस होतो आणि इंग्रजी दाखल्यावर ज्यॉन होऊन बाहेर पडतो. दुमिंगचा दोमिनिकुस व डॉमनिक होतो. तीन बुकांतील हे तीन पुरुष नव्हेत, एकच आहे. त्याहून अवघड गोष्ट 'याकोबुस' या लॅटिन नांवाची. त्याच्या मागें जेम्स, जेकब, थियागु किंवा दियोगु यांपैकीं कोणीही उभा असूं शकतो. शिवाय मूल दगावलें तर पुढच्या मुलास तेंच नांव ठेवण्याची चाल होती. एकाच आईबापांचा बस्त्यांव दोनदां बाप्तिस्मा पावलेला दिसला, तर मयताचें बुक उघडून पाहावें. नाहींतर लहानपणींच देवाघरीं गेलेल्या बाळास आपला पणजोबा ठरविण्याचा प्रसंग यावयाचा. पोर्तुगीज 'नातुराल' हा शब्द तर सापळाच आहे. 'नातुराल दे बासाईं' म्हणजे वसई येथील. पण 'फिल्यु नातुराल' म्हणजे लग्नाबाहेर झालेला मुलगा. एका शब्दाच्या चुकीनें सभ्य घराच्या डोक्यावर नसता कलंक चढतो, किंवा खरी गोष्ट दृष्टीआड होते.

सर्वांत मौल्यवान नोंद कोणती, असें आम्हांस कोणी विचारिलें, तर आम्ही नात्याच्या सुटीची नोंद म्हणूं. पूर्वीं चौथ्या अंशापर्यंतच्या रक्तसंबंधांत लग्न लावण्यास मनाई असे, आणि लावावयाचें झाल्यास सूट मिळवावी लागे. आपल्या प्रांतांत चारदोन गांवांतच सोयरिकी होत असल्यामुळें असे प्रसंग वारंवार येत. 'दुसऱ्या अंशांत सूट' असें लग्नाच्या नोंदींत लिहिलेलें असलें तर वधूवरांचा आजा किंवा आजी एक. तिसरा अंश असेल तर पणजा-पणजींपाशीं दोन्ही घरें मिळतात. आणि चौथा असेल तर खापरपणजापाशीं. 'दुसरा व तिसरा' असे दोन आंकडे असतील, तर दोघांत एका पिढीचें अंतर समजावें. सुटीच्या अर्जाबरोबर नातें दाखविणारा वंशवृक्ष काढून पाठविण्याची पद्धति असे. म्हणजे ज्या झाडासाठीं आपण आज धडपडतों, तें त्या काळच्या पाद्रीनें गांवांतील म्हाताऱ्यांस विचारून काढलेलेंच असावयाचें. लग्नाच्या बुकांतील एका ओळींत त्याचा पत्ता लागतो. झाड स्वतः बिशपांच्या दफ्तरांत शोधावें लागतें. मात्र अंश मोजतांना बुकाचा काळ पाहावा. १९१७ च्या धर्मसंहितेनें मनाई तिसऱ्या अंशापर्यंत आणिली, आणि १९८३ च्या संहितेनें मोजण्याची रीतच बदलली. हल्लींचा चौथा अंश म्हणजे चुलत-मामे-मावस भावंडें. जुन्या रीतीनें तीं दुसऱ्या अंशांत पडत. हा फरक न कळला तर झाडाच्या दोन पिढ्या हवेंत लोंबकळत राहतात.

बायकांविषयीं दोन शब्द. आपले लोक वंश शोधतात म्हणजे बापाचा बाप, त्याचा बाप, असे सरळ वर जातात, आणि आईकडची बाजू 'ती अमक्या गांवची' एवढ्यावर सोडून देतात. पण देवळाच्या बुकांनीं बायकांस सर्वस्वीं विसरलेलें नाहीं. आई, धर्ममाता, साक्षीदार यांच्या रकान्यांत त्या आहेत. आणि एका जागीं तर अशी स्त्री भेटते, जिचें नांव दुसऱ्या कोणत्याही दफ्तरांत कोणी लिहिलें नसतें. मूल जन्मतांच अत्यवस्थ असेल तर जवळ असेल त्यानें बाप्तिस्मा द्यावा असा धर्माचा नियम आहे, आणि कोणी दिला हें बुकांत लिहावयाचें असतें. त्यामुळें 'घरीं सुईणीनें बाप्तिस्मा दिला' अशी नोंद येते, कधीं कधीं तिच्या नांवासह. जिच्या हातावर निम्मी आळी जन्मली, तिची आठवण एवढीच उरलेली असते.

आतां ज्या नोंदींविषयीं लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, त्यांकडे येऊं. 'बाप अज्ञात', 'आईबाप अज्ञात' अशा नोंदी प्रत्येक जुन्या बुकांत असतात. दोन प्रकारचे लोक त्यांपाशीं येऊन अडतात. पहिला म्हणजे ज्याच्या स्वतःच्या आजी-पणजीची ती नोंद आहे तो. अशांपैकीं कोणी हलक्या आवाजांत सुचवितो, कीं ती ओळ शाईनें झांकतां येणार नाहीं काय? येणार नाहीं. तें बुक आमच्या मालकीचें नाहीं, त्याच्याही नाहीं; आणि त्या ओळींत ज्या बाळाचें नांव आहे तें देवाच्या कुटुंबांत इतर बाळांइतक्याच विधीनें दाखल झालेलें आहे. संत मत्तयानें प्रभूच्या वंशावळींत तामार, राहाब, रूथ व उरियाची बायको या चौघींस जागा दिली. त्यानेंही झांकली असती तर कोणास कळलें असतें? अशा मनुष्यास आम्ही लोकांच्या गर्दींत कांहीं सांगत नाहीं; एकीकडे बसवून, खरें तेंच आणि विचारील तेवढेंच सांगतों.

दुसरा प्रकार म्हणजे सोयरीक जुळण्यापूर्वीं समोरच्या घराचें मूळ तपासावयास येणारा. आपण जातिभेद मागें टाकला असें प्रवचनांत ऐकून मान हालविणारे कांहीं गृहस्थच, अमकें घर मूळचें कोणाचें, बाप्तिस्म्यापूर्वीं तें काय करी, हें गुपचूप विचारावयास येतात. त्यांस आम्ही बुक दाखवीत नाहीं व दाखविणारही नाहीं. नात्याचा अडथळा आहे कीं नाहीं हें पाहणें आमचें काम आहे, आणि तें आम्ही करितों. समोरचें घर उंच कीं नीच हें सांगणारा रकाना आम्हांस कोणी सोपविलेला नाहीं. जुन्या काळीं एखाद्या पाद्रीनें नोंदींत जात किंवा धंदा लिहिला असेल, तर ती माहिती इतिहासाच्या अभ्यासकास उपयोगी आहे. लग्नाच्या बाजारांत तिचें काम नाहीं. ज्यांस हें कठोर वाटतें त्यांचा राग आम्ही आजवर सोसला आहे.

मयताच्या बुकांविषयीं थोडक्यांत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढें इलाखाभर पसरला. १९१८ सालीं इन्फ्ल्युएन्झाची सांथ आली. त्या वर्षांचीं बुकें जेथें शिल्लक असतील तेथें आधीं नोंदींच्या तारखा पाहाव्या. एरवीं आठवड्यांत एखाददुसरी असणारी नोंद सांथींत दिवसागणिक येऊं लागते, अक्षर घाईचें होतें. आपल्या घराची एक शाखा अचानक खुंटलेली दिसली तर तिचें कारण पुष्कळदां या पानांत असतें.

मूळ बुक वाळवीनें खाल्लें असेल तर शोध तेथेंच संपला असें मानूं नये. १८७२ च्या हिंदी ख्रिस्ती विवाह कायद्यानें कॅथलिक लग्नांच्या नोंदींचे उतारे दर तीन महिन्यांनीं सरकारच्या मुख्य निबंधकाकडे पाठविण्याचें ठरविलें. आणि १९१७ च्या धर्मसंहितेनें बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न व मयत या बुकांची एक प्रत वर्षाअखेर बिशपांच्या दफ्तरीं धाडावी असें फर्माविलें. प्रत्येक ठिकाणीं हें काटेकोरपणें पाळलें गेलें असेल असें नाहीं, परंतु विचारण्यास जागा आहे. कोठें विचारावें, हें मात्र साल पाहून ठरवावें. आपलीं गांवें जागचीं हाललीं नाहींत, पण त्यांचे धर्मप्रांत बदलत गेले : आधीं गोव्याचा, १८८६ पासून दमणचा, १९२८ च्या करारानंतर मुंबईचा, आणि १९९८ पासून आपला स्वतःचा वसई धर्मप्रांत. १८९० सालच्या सुटीचा कागद शोधणारानें वसईच्या नव्या दफ्तरांत तो नाहीं म्हणून हताश होणें बरोबर नव्हे. त्यानें दमणच्या धर्मप्रांताचे कागद पुढें कोठें गेले त्याचा माग काढावा.

राहतां राहिली बुकांच्या प्रकृतीची गोष्ट. जुनी शाई लोखंडाच्या क्षारापासून केलेली असे. ती कालांतरानें कागदच खाते, आणि अक्षराच्या जागीं अक्षराच्याच आकाराचें भोंक उरतें. तीत आपल्याकडील पावसाळी दमटपणा व कसर यांची भर. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावणें किंवा तें प्लास्टिकांत मढविणें, हे उपाय रोगापेक्षां भयंकर आहेत. पानें उघडीं, कोरडीं, सपाट ठेवावीं, आणि त्यांचीं छायाचित्रें घेऊन काम होईल तों मूळ बुकास हात लावूं नये. आपल्या बुकांचीं अशीं छायाचित्रें घेण्याचें काम ज्युबिलीच्या वर्षांतच हातीं घ्यावें असा आमचा विचार आहे. ज्या तरुण मंडळींस सवड असेल त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं कचेरींत भेटावें. ज्यांच्या घरीं जन्मदिवस टिपलेलीं जुनीं प्रार्थनापुस्तकें असतील त्यांनीं तींही आणावीं. तेवढ्या पानाचें चित्र घेऊन पुस्तक लगेच परत देण्यांत येईल. कुळाच्या शोधासाठीं येणारांनीं आजोबांचें नांव, गांव, आळी व अंदाजी साल एका कागदावर लिहून आणावें, आणि टिपणासाठीं शिसपेन्सिल आणावी. शाईचें पेन बुकांजवळ चालणार नाहीं.